चिठ्ठीत माझं नाव होतं

कॅरी, २३ एप्रिल २०२५

ताई,

सलाम. पुढे 'प्रभूच्या नावात' असं लिहायची आपल्या घरची रीत आहे, पण या पत्रावर ते लिहायची मला लाज वाटते. तेवढी जागा रिकामी राहू दे.

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, फोनही उचलत नाहीस, म्हणून हा कागद. शेवटचं पत्र मी बहुतेक जालन्याच्या बोर्डिंगमधून लिहिलं होतं, तेही तू दटावलंस म्हणून. अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे. समजून घे.

ईस्टरच्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते अर्धवटच राहिलं. तू मध्येच विचारलंस, "बाबांना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "मग आधी त्यांना सांग. मगच मला फोन कर." आणि कट. मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडली असतीस तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच ओरडली नाहीस.

तर आता सरळ लिहितो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीला तू शॉमबर्गहून आमच्याकडे आलीस तेव्हा बाबा डायलिसिसने पार पिळून निघाले होते. आपली दोघांचीही किडनी त्यांना चालणार होती. हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, आम्ही एका वेळी एकाचीच पूर्ण तपासणी करतो, तर आधी कोण येणार ते घरी ठरवा. आणि घरी आल्यावर बाबा म्हणाले, "चिठ्ठी टाकू." तुला-मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आपण असेच वाढलो. बदली संगमनेरला घ्यायची की जालन्याला, चिठ्ठी. सायकल आधी कोणाला, चिठ्ठी. बायबलात मत्थियाला प्रेषित केलं ते चिठ्ठीने, मग आपण कोण लागून गेलो, असं बाबांचं ठरलेलं. बायकोला मात्र ते पटलं नाही. निधी किचनमध्ये मला म्हणाली, "यार, किडनीची चिठ्ठी? सीरियसली?" मी तिलाच गप्प केलं. चर्चच्या पाळकाच्या घरचं तुला नाही कळायचं, असंही काहीतरी बोललो.

मग आईचा स्टीलचा डबा, दोन चिठ्ठ्या, प्रार्थना. नियम तुला ठाऊकच आहे. धाकट्याने उचलायची, एकदाच वाचायची, आणि लगेच दोन्ही जाळून टाकायच्या. पुन्हा उघडून बघायचं नाही, कारण बघणं म्हणजे प्रभूवर संशय. इतक्या वर्षांत कोणाच्या मनातही आलं नाही की वाचणारा खोटं वाचेल.

मी चिठ्ठी उघडली. बाबांच्या अक्षरात 'शमुवेल' लिहिलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते, तुझेही. मी म्हटलं, "ताई."

तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "बरं." एवढंच. मी दोन्ही चिठ्ठ्या सिंकमध्ये धरून लायटर लावला, स्मोक अलार्म कोकलायला लागला, आमची आन्या टॉवेल हलवत धावत आली, आणि आपण सगळे पोट धरून हसलो. मीही हसलो, ताई. खोटं बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त छळतं.

का केलं? ऑफिसात लेऑफ चालू होते, आन्या लहान आहे, घराचा हप्ता आहे, ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी फक्त भीती होती. पोट फाडून घ्यायची भीती. बेचाळीस वर्षांचा बाप्या, ऑफिसात सॅम म्हणून मीटिंगा गाजवतो, आणि एका चिठ्ठीला घाबरला.

ईस्टरला बाबा मास्क लावून चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. "प्रभूने माझ्या मुलीच्या नावाची चिठ्ठी काढली आणि मला मरणातून उठवलं," असं म्हणाले, आणि सगळे डोळे पुसायला लागले. शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला, म्हणाल्या, धन्य रे तुमचं घर. मला तिथे बसवेना. पार्किंगमध्ये येऊन तुला फोन लावला तो असा.

पण एक लिहू? चिडू नकोस. बाबा आज जिना चढतात. दोन वेळा जेवतात. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकला, विकला, आणि देवाने त्यातूनच सगळ्या घराला दुष्काळात जगवलं. वाईट त्यांनी योजलं, भलं देवाने केलं, हे आपण संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवत शिकलो. सगळं त्याच्या हातात असेल तर माझं खोटं तोंडही त्याच्याच हातात होतं ना? कदाचित तुझीच किडनी त्याला हवी होती आणि त्यासाठी माझा भित्रेपणा कामी आला. मग बाबांना सांगून काय साधणार? शहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर त्या डब्यावर विश्वास ठेवून चालला. तो मी का मोडू?

शमू


कॅरी, १२ मे २०२५

ताई,

सलाम.

तुझं उत्तर पोचलं. म्हणजे माझंच पत्र परत आलं, योसेफाच्या ओळींखाली लाल रेघ आणि शेजारी तुझं ते मास्तरीण अक्षर: 'हे योसेफ म्हणाला होता. भाऊ नाही म्हणाले.'

खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. निधीला म्हटलं, बघ, हिने किडनी दिली म्हणून आता हिला वचनं शिकवायचा हक्क मिळाला. निधीला अजून काही माहीत नाही, ती नुसती बघत राहिली. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि फोनवर बायबलातल्या उत्पत्तीचा शेवटचा अध्याय काढला. तुला चूक ठरवायला काढला होता.

तू चूक नाहीस. वाईटातून देवाने भलं केलं, हे ज्याला विकलं त्यानेच म्हटलं. विकणारे पायाशी पडले आणि 'आम्ही तुझे दास' एवढंच बोलले. आणि त्याच्या आधी त्यांनी काय केलं ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यांनी निरोप धाडला की बाप मरताना म्हणाला होता, भावांना माफ कर. बाप असं म्हणाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. स्वतःची कातडी वाचवायला त्यांनी म्हाताऱ्याला पुढे केलं. मी तुला लिहिलं, शहात्तर वर्षांचा माणूस, त्याचा विश्वास का मोडू. वाचताना माझे कान गरम झाले.

पण मी एवढा सरळ कुठला. योसेफ हातातून गेला तर मिसरच्या राजाला, फारोला धरलं. शुक्रवारी बाबांना ब्लड टेस्टला घेऊन ड्राइव्ह करत होतो, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, फारोचं मन देवानेच कठीण केलं ना? मग दोष त्याचा कसा?"

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आधी त्याने स्वतः केलं. पीडा यायची, हा कबूल व्हायचा, पीडा गेली की पुन्हा मन घट्ट. असं कितीदा तरी. देवाने केलं असं लिहिलंय ते बरंच नंतर."

"म्हणजे देवाने काय केलं?"

"त्याला जे हवं होतं ते दिलं. तेही भयंकरच असतं." मग माझ्याकडे वळले. "कोणासाठी विचारतोयस?"

"चर्चच्या फेलोशिपमध्ये एकजण विचारत होता," मी म्हटलं.

बघ, अजून एक. दर वेळी वाटतं हे शेवटचं, आणि दर वेळी आधीपेक्षा सोपं जातं. फारोचं असंच होत असेल. लॅबमध्ये सुई टोचून घेताना बाबांनी माझा हात धरला होता, आणि तो सोडवून घ्यावासा वाटला.

तुझ्या ऑपरेशनचा कट आता कसा आहे? शिंकताना दुखतं म्हणाली होतीस. हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

शमू


कॅरी, २० जून २०२५

ताई,

या वेळी तू काहीच पाठवलं नाहीस. ठीक आहे, मी सांगितलंच नाही तर तू काय पाठवणार.

प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा जेवताना सुरुवात केली, तर आन्या मध्येच म्हणाली, "आजोबा, कॅन यू कम टु माय रिसायटल?" आणि ते राहिलं. एकदा बाबांना ताप होता. एकदा नव्हता, पण मी म्हटलं, कशाला चांगला दिवस नासवा. कारणांना तोटा नाही.

आता प्रकरण गळ्याशी आलंय. बाबांच्या लक्षात आलंय. महिन्याच्या सुरुवातीला म्हणाले, "शैलजा फोनवर सगळ्यांची चौकशी करते, तुझं नाव काढत नाही. भांडलात का?" मी म्हटलं, नाही हो, ती बिझी असते. मग म्हणाले, "मी थोडे दिवस तिच्याकडे जाऊन राहावं म्हणतो. तिचं घर एकटं आहे. की इथेच राहावं? डॉक्टर दोन्हीला हो म्हणतात." आणि मग, ताई, त्यांनी तेच म्हटलं. "उपासनेहून आलो की चिठ्ठी टाकू."

पुन्हा तोच डबा, पुन्हा धाकटा मीच. मनात पहिलं काय आलं सांगू? आपण खरी वाचू, एकदा खरी वाचली की मागची खोटी झाकली जाईल. दुसरं आलं ते त्याहून हलकट. शॉमबर्ग आलं तर बरं, बाबा तुझ्याकडे जातील आणि मला रोज त्यांचं तोंड बघावं लागणार नाही. म्हणजे चिठ्ठी निघायच्या आधीच मी ती वाचायला बसलो होतो.

मला सारखा योना आठवतो. देवापासून पळाला तोही, पण जहाजावर चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, हो, मीच तो, टाका मला समुद्रात. त्याने खलाशाचं नाव पुढे केलं नाही.

मी सर्दीचं निमित्त करून पुढचे रविवार ढकलले. बाबांना इन्फेक्शनची भीती, त्यामुळे कोणी काही विचारत नाही. पण त्यांनी डबा धुऊन फ्रिजवर ठेवलाय, आणि दूध काढायला गेलं की तो समोर दिसतो.

एक मागतो, आणि मागतानाच लाज वाटते. तूच सांगतेस का त्यांना? तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल. तू एवढं दिलंस, त्यात हेही.

नको. शेवटची ओळ खोडायला हवी होती. तशीच ठेवतो, म्हणजे तुला कळेल मी कुठवर गेलो होतो.

शमू


कॅरी, १४ जुलै २०२५

ताई,

सांगितलं.

मागच्या रविवारी उपासनेहून आलो. बाबांनी 'कॅरी' आणि 'शॉमबर्ग' अशा दोन चिठ्ठ्या केल्या, घडी घातल्या, प्रार्थना केली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो. लहानपणी छडीच्या वेळी बसायचो तसा.

"उचल," बाबा म्हणाले.

"मी नाही उचलणार."

"का रे?"

"मागच्या वेळी मी खोटं वाचलं. माझं नाव निघालं होतं, बाबा. मी ताईचं सांगितलं."

निधी दारात उभी होती. आन्याला वर पाठवायचं कोणाला सुचलं नाही. बाबांनी मला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, "नीट वाचलं होतंस? तुझंच होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेले. निधीने डब्यातल्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या आणि डबा डिशवॉशरमध्ये घातला. मला एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मला गप्प केलं होतंस." त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबाही नाही. गोळ्या माझ्या हातून घेईनात, आन्याकडे मागायचे. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखा पाण्याचा ग्लास धुऊन ठेवत होतो.

मंगळवारी सकाळी बाबांनी डेकवर बोलावलं. मला वाटलं आता चिठ्ठीचं, देवाचं, पापाचं काढतील. त्यांनी भलतंच काढलं.

"हॉस्पिटलच्या बाईंनी आधी मला विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही दोघं गाडी आणायला गेला होतात. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं, आधी कोणाला बोलवू? माझ्या तोंडातून नाव निघेना. तुझं घ्यावं तर तुझं लेकरू डोळ्यांपुढे आलं, शैलजाचं घ्यावं तर पोरगी एकटी. मी भ्यालो, शमू. आणि घरी येऊन म्हटलं, प्रभू ठरवेल. मला कळायला पाहिजे होतं. बापाने ठरवायचं ते मी त्याच्या गळ्यात घातलं, आणि त्याला विश्वास म्हणालो."

मी म्हटलं, "बाबा, तुमची चूक आणि माझी चूक एका मापाची नाही."

"नाही," ते म्हणाले. "तुझी मोठी आहे."

मग मला विचारलं, "तू सुटलास असं वाटतं का तुला?"

मी कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडू लागलो.

"सुटला नाहीस. मुकलास. त्याने तुला हाक मारली होती. बापाला जीव द्यायची संधी किती जणांना मिळते? तू ती दुसऱ्याच्या अंगावर टाकलीस, म्हणून काम अडलं नाही. त्याचं काम अडत नसतं. पण त्यात तू नव्हतास."

मी रडलो, ताई. बाबांनी मला जवळ घेतलं नाही. माफ केलं का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्यापुरतं केलं. पण ते चिल्लर आहे. खरं शैलजाच्या हातात आहे, आणि तिला घाई करायची नाही."

हे सगळं तुला कळायलाच हवं म्हणून लिहितोय. पण पत्र लिहायचं खरं कारण पुढचं आहे.

बाबांनी मला विचारलं, "म्हणजे शैलजा किडनी द्यायला गेली ती चिठ्ठीमुळे नाही?" मी म्हटलं, "तिला तसंच वाटत होतं." ते मान हलवत राहिले. म्हणाले, ऑपरेशननंतर तूच त्यांना हसत हसत सांगितलं होतंस की तिथल्या सोशल वर्करने तुला एकटीला बसवलं आणि म्हणाली, तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, आम्ही घरच्यांना 'तपासणीत बसत नाहीत' एवढंच कळवू, कोणाला कधी कळणार नाही. आणि तू म्हणालीस, नाही, मला द्यायचीच आहे.

मला हे माहीत नव्हतं. तुलाही दार उघडं करून दिलं होतं, माझ्याहून सोपं, खोटंसुद्धा स्वतः बोलावं लागलं नसतं. तू तिथून उठून आली नाहीस.

बाबा म्हणाले, "प्रभूने काय योजलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण हो म्हटलं ते माझ्या पोरीने. आणि मी मंडळीपुढे उभं राहून फक्त प्रभूचे आभार मानले. चिठ्ठी त्याची, निवड त्याची, सगळं त्याचं. तिला मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही, शमू. सहा महिने तिची किडनी पोटात घेऊन फिरतोय."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. फोनवर म्हणायचं नाही म्हणतात, समोर जाऊनच. शनिवारच्या फ्लाइटचं तिकीट काढलंय, एकच. तुझ्याकडे राहायचं की नाही याची चिठ्ठी टाकणार नाहीत. ते तुला विचारणार आहेत, आणि तू नको म्हणालीस तर परत येतील. मी एअरपोर्टवर सोडून मागे फिरेन. मला अनब्लॉक कर असं लिहीत नाही. तू म्हणाली होतीस, बाबांना सांग आणि मग फोन कर. सांगितलंय, पण फोन मी करणार नाही. करायचा तर तू कर, कधीही, किंवा करू नकोस.

आज दुपारी त्यांच्या गोळ्या बॅगेत भरायला गेलो तर दार ओढलेलं होतं. आत बाबा एकटेच बोलत होते. आयुष्यभर प्रवचनं केलेला माणूस, आणि त्यांना एवढंसं जमत नव्हतं. "शैलजा, बाळा, तू मला..." म्हणायचे आणि थांबायचे. आभार म्हटलं की परकं वाटतं, थँक्यू म्हटलं की दुकानात सुटे पैसे घेतल्यासारखं वाटतं, असं स्वतःशीच पुटपुटले. पुन्हा पहिल्यापासून. "शैलजा, बाळा."

मी गोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर उभा राहिलो. त्या 'शैलजा'च्या जागी माझं नाव असायला हवं होतं.

शनिवारी ते तुझ्यापुढे अडखळतील. तुझी सवय मला माहीत आहे, "असू दे हो बाबा" म्हणून चहा टाकायला उठशील. उठू नकोस. त्यांना पूर्ण बोलू दे.

शमू